कासव घरी आणताय? आधी पाठ बघा

दत्तक घेण्याआधी कासवाची पाठ बघा. काळपट कवचावर पिवळ्या चांदण्या असतील तर ते तारा कासव. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते घरी ठेवणं गुन्हा आहे, देणारा कितीही ओळखीचा असो. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. सुल्काटासारखं परदेशी कासव असेल तर परिवेश पोर्टलवरच्या (केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची वेबसाइट) नोंदणीचा कागद मागा. (सुल्काटा मोठेपणी चाळीस किलोंवर जाऊ शकतं. वन-बीएचकेवाल्यांनी दहादा विचार करावा.)

घर म्हणून काचेची टाकी नकोच. कासवाला काच कळत नाही, दिवसभर नाक घासत राहतं. रुंद, आरपार न दिसणारा टब घ्या, तळाशी माती पसरा; गुळगुळीत लादीवर पाय फाकतात. बंद खिडकीतून आलेल्या उन्हात यूव्हीबी (कासवाच्या हाडांना आणि कवचाला लागणारे अतिनील किरण) जवळपास नसतं, म्हणून गॅलरीची काच सरकवा, पण अर्धा टब सावलीत राहू द्या. पावसाळ्यात यूव्हीबीचा दिवा लावावाच लागतो. नाकातून बुडबुडे दिसले की थेट डॉक्टर गाठा.

पहिला आठवडा उचलाउचल बंद, सोसायटीतल्या पोरांनाही दाखवू नका. खात नसेल तर हनुवटीपर्यंतच येईल इतक्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, मग जास्वंदीचं पान पुढ्यात टाका. दूध-पोळी अजिबात नाही.