शेन्झेनला नवीन आलात? खरेदी जरा सावकाश

इथे आलेला मराठी माणूस पहिल्याच सुट्टीला ह्वाच्यांगबेई या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जातो आणि गळ्यात घालायचा पंखा, तळहाताएवढा प्रोजेक्टर असलं काहीबाही घेऊन येतो. जा, बघायला जरूर जा. मजलेच्या मजले नुसते सुटे भाग, केबली आणि कॅमेरे. पण तो बाजार मुळात घाऊक गिऱ्हाइकांचा. एकच नग घेणाऱ्याला तिथे भाव मिळत नाही, आणि वस्तू परत करायला गेलात तर दुकानदार ओळखही दाखवत नाही. त्यापेक्षा ताओबाओ किंवा जेडी या खरेदीच्या अ‍ॅपवर घ्या. २०१४ पासून ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू ७ दिवसांत कारण न सांगता परत करता येते. चिनी वाचता येत नसेल तर शोधपट्टीतलं कॅमेऱ्याचं चिन्ह दाबा आणि वस्तूचा फोटो दाखवा, काम होतं.

आधी हवेचं बघा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अधूनमधून गार पडलेल्या भिंती-फरश्यांवर दक्षिणेकडून उबदार, दमट वारा येतो आणि अख्ख्या घराला घाम फुटतो. आरसा पुसला तरी लगेच धूसर. चामड्याच्या चपलांवर बुरशी, पापड मऊ. कोकणातून आलेल्याला वाटतं, पावसाळा आपल्याला काय नवा! आणि तो खिडक्या उघडतो. नेमकं तेच करायचं नाही. खिडक्या बंद, डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र) चालू. टाकी भरली की यंत्र आपोआप थांबतं, म्हणून नळी जोडता येणारं घ्या आणि नळी बाथरूमच्या मोरीत सोडा, म्हणजे रात्री उठायला नको. सोबत बूट वाळवायचं यंत्र घ्या. बुटांत घालायचे दोन प्लास्टिकचे तुकडे आणि एक वायर, एवढंच. दिसायला हास्यास्पद, पण ओले बूट सकाळी कोरडे मिळतात. ओझोन, निळा दिवा वगैरे जाहिरातींसाठी जादा पैसे मोजू नका.

स्वयंपाकघरात बऱ्याच भाड्याच्या घरांत इंडक्शनच असतं. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापत नाही, तेव्हा घरून आणायचाच तर इंडक्शनवर चालणारा स्टीलचा आणा. मिक्सरही आणा, वीज २२० व्होल्टच आहे, फक्त पिनसाठी दणकट अ‍ॅडॅप्टर लागेल.

माझी सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे द्यानबिंगछंग. उत्तर चीनमध्ये पिठाच्या जाड पोळ्या भाजायला हा विजेचा तवा घरोघरी असतो. खाली तवा, वर झाकणातही तवा, आणि दोन्ही वेगवेगळे चालू करता येतात. थालीपीठ यावर असं होतं की बोलायची सोय नाही. थेट तव्यावर थापा, भोकांत तेल सोडा, झाकण अलगद टेकवा. उलटायचं कामच नाही, दोन्हीकडून खरपूस. पोळीला मात्र झाकण उघडंच ठेवा, नाहीतर ती फुगत नाही आणि कडक होते. तवे सुटे निघणारं मॉडेल घ्या, धुताना दुवा द्याल.

वैद्यकीय शिकायला आलेल्या मुलांनी मात्र हे काही घेण्याआधी वसतिगृहाचे नियम विचारावेत. बहुतेक ठिकाणी जास्त वॅटच्या उपकरणांना बंदी असते, शेगडी लावली की खोलीची वीज जाते आणि वस्तू जप्त होते ती वेगळीच.

फोनची बॅटरी संपली तर हॉटेलात, मॉलमध्ये भाड्याच्या पॉवर बँकांची पेटी दिसेल. वीचॅटने स्कॅन करा आणि दुसऱ्या कुठल्याही पेटीत परत लावा. परत लावायची विसरलात तर भाडं चढत जाऊन बहुधा ९९ युआनपर्यंत कापलं जातं.

भारतात न्यायला घेत असाल तर दोन गोष्टी बघा. शाओमीची इथली बरीच उपकरणं अ‍ॅपमध्ये चीन हा प्रदेश निवडला तरच जोडली जातात, भारत ठेवलात तर सापडतच नाहीत. शिवाय झाडू मारणारा रोबो आईशी चिनीत बोलत राहील. दुसरं म्हणजे पॉवर बँक. २८ जून २०२५ पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत ३सी शिक्का (चीनचं सक्तीचं सुरक्षा प्रमाणपत्र) नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. बीजिंगमार्गे घरी जाणाऱ्यांनाही शेन्झेनच्या तपासणीतच हा नियम लागतो. शिक्का नीट वाचता येईल असा हवा, क्षमता १०० वॅट-तासांच्या आत हवी (२०,००० एमएएचची सहज बसते), आणि ती सुटकेसमध्ये न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा.