दुबईची संध्याकाळची डेझर्ट सफारी: निघण्याआधी काय काय बघायचं

डेझर्ट सफारीची बॅग भरायला दहा मिनिटं पुरतात. वेळ लागतो तो बुकिंग करताना नेमके प्रश्न विचारायला आणि आपल्यासोबत कोण कोण आहे हे कंपनीला आधी सांगायला. आपल्याकडची दुबईची सहल बहुधा तीन पिढ्यांची असते. गुडघे दुखणारी आजी, नुकतंच चालायला लागलेलं नातवंड आणि ज्यांच्यासाठी हे सगळं ठरलंय ती कॉलेजातली मुलं, सगळे एकाच गाडीत बसतात. ती गाडी वाळूच्या टेकड्यांवर चढली-उतरली की त्यातला एखादा उरलेली संध्याकाळ डोकं धरून बसतो. बोलून ठेवलं तर हे सहज टळतं, म्हणून या यादीत कपड्यांच्या आधी माणसं येतील.

पण सगळ्यात आधी दिवस. विमानातून उतरल्याच्या दिवशी सफारी घेऊ नका. ग्रुप टूरच्या कार्यक्रमात ती पहिल्याच संध्याकाळी असेल तर बदलून मागा, कारण रात्रभर न झोपलेलं शरीर त्या हिसक्यांना लवकर कंटाळतं. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचा पारा 40 अंशांच्या वर असतो आणि सूर्य कलला तरी वाळूची धग जात नाही. त्या दिवसांत लहान मुलं आणि वयस्कर माणसं घेऊन जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. रमजानमध्ये कॅम्प (वाळवंटातले तळ, जिथे सफारीतलं जेवण आणि कार्यक्रम होतात) चालू असतात, पण नाचगाणं बहुतेक बंद असतं. तुम्हाला शांत वाळवंट हवं असेल तर ते दिवस उलट छान. कार्यक्रम बघायचे असतील तर मात्र तारखा तपासा, कारण रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो.

गाडी साधारण दुपारी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान हॉटेलवर येते आणि रात्री नऊ-साडेनऊला परत सोडते. डिसेंबरात दुबईत सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सात वाजून गेल्यावर. त्यामुळे हिवाळ्यात पिकअपचा अर्धा तासही महागात पडतो. शेअरिंगच्या गाडीत चार हॉटेलांवर थांबत जावं लागलं तर सूर्यास्त हायवेवरच होईल. बुकिंग करताना थेट विचारा: सूर्य मावळताना आपण टेकडीवर असू का, आणि आमच्या आधी-नंतर किती ठिकाणी गाडी थांबणार? याचं नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरी कंपनी बघा. पाच-सहा जणांचं कुटुंब असेल तर स्वतंत्र गाडीच घ्यावी. तिचा खरा फायदा असा, की वेग तुमच्या हातात राहतो.

नेणार कुठे हेही विचारून घ्या. दुबईहून हट्ट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या लाहबाब भागातली वाळू तांबडी, टेकड्या उंच. वाळूच्या कणांवरच्या लोहाच्या ऑक्साइडमुळे तो रंग येतो. जोरदार ड्यून बॅशिंग, म्हणजे टेकड्यांवरून गाडी उसळवत नेणं, हवं असणाऱ्यांसाठी ही जागा. दुसरा पर्याय दुबई डेझर्ट कॉन्झर्व्हेशन रिझर्व्हचा. 225 चौरस किलोमीटरच्या या संरक्षित भागात ठरावीक कंपन्यांनाच गाड्या नेता येतात, त्या बेताने चालवतात आणि अरबी ओरिक्स हा हरणासारखा प्राणी दिसायची चांगली संधी असते. शेवटचा रानटी ओरिक्स 1972 मध्ये ओमानमध्ये मारला गेला होता. पिंजऱ्यात वाढवलेल्या जनावरांना पुन्हा मोकळं सोडून ही जात परत आणली गेली. पांढऱ्याशुभ्र अंगाचा, सरळ लांब शिंगांचा तो प्राणी वाळूत उभा दिसतो तेव्हा ही गोष्ट माहीत असलेली बरी. घरात ज्येष्ठ असतील तर मी दर वेळी हाच पर्याय सुचवेन, जरी तो महाग असला तरी.

आता माणसं. गरोदर बाईने ड्यून बॅशिंग करायचं नाही. कितवाही महिना असो, यात घासाघीस नको. पाठीच्या मणक्याचा त्रास, स्लिप डिस्क, मानेचं दुखणं, हृदयविकार, नुकतंच झालेलं ऑपरेशन असलेल्यांनी आणि अगदी लहान मुलांनीही नाही. पण याचा अर्थ त्यांनी हॉटेलवर बसायचं असा मुळीच नाही. बऱ्याच कंपन्या अशा लोकांना टेकड्यांवरून न नेता थेट कॅम्पवर पोचवायची सोय करतात. फक्त ती आदल्या दिवशी मागावी लागते. ऐन वेळी दुसरी गाडी नसते, आणि मग ‘काही होत नाही हो, बसा’ असं म्हणत आजींना बसवलं जातं. संकोच आपल्या घरातूनच येतो. सासूबाई किंवा वडील ‘माझ्यामुळे तुमचा बेत बिघडायला नको’ म्हणून कंबरदुखी लपवतात. म्हणून सगळ्यांसमोर न विचारता एकेकाला बाजूला घेऊन विचारा आणि ‘तुमच्यासाठी थेट कॅम्पची गाडी ठरवली आहे’ असं सांगा. आधी ठरवून टाकलेलं असलं की नकार देणं त्यांनाही अवघड जातं. त्यांच्यासोबत घरातलं एक धडधाकट माणूस पाठवा, म्हणजे कॅम्पवर त्यांना एकटं बसावं लागणार नाही.

लहान मुलं येणार असतील तर चाइल्ड सीट मिळते का ते विचारा, ‘हो’ म्हणाले तर मेसेजवर लिहून घ्या. मूल मांडीवर घेऊन टेकडीवर जायचं नाही.

कंपनीशी बोलताना एवढं अजून विचारावं: पर्यटन खात्याचा परवाना आहे का, चालकाकडे वाळवंटात गाडी चालवायचं वेगळं प्रशिक्षण आणि परवाना आहे का, क्वाड बाइकचे (वाळूत चालवायची चार चाकांची मोटारसायकल) पैसे वेगळे का, जेवणात शाकाहारी काय असेल. आणि वादळी वारा सुटल्यामुळे सफारी रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख. चालकाचा नंबर निघायच्या दिवशी सकाळी मागून घ्या. इथे एक बारकी गोष्ट: दुबईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल सहसा लागत नाहीत. लॉबीत उभं राहून चालकाला शोधायची वेळ आली तर साधा फोन करता आला पाहिजे, तेव्हा स्थानिक सिम किंवा रोमिंग चालू असू द्या. पोलिसांसाठी 999 आणि रुग्णवाहिकेसाठी 998 हे नंबरही फोनमध्ये घालून ठेवा.

दुपारचं जेवण निघायच्या दोन-तीन तास आधी, हलकं आणि कमी तेलाचं. अगदी रिकाम्या पोटीही जाऊ नका, त्यानेही मळमळतं. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना इथे नक्की लागणार असं समजा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून भारतातूनच आणावी आणि टेकड्या सुरू व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. गाडीत जीव कासावीस झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, ज्यांना क्वाड बाइक चालवायची आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं. औषधांचा विषय निघालाच आहे तर: युएईत कोडीन आणि ट्रॅमाडॉल असलेली औषधं पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत, आपल्याकडच्या काही खोकल्याच्या औषधांत कोडीन असतं, म्हणून घरचा औषधांचा डबा तसाच उचलून नेऊ नका. खसखशीवरही तिथे बंदी आहे. सफारीच्या वाटेत तोंडात टाकायला अनारसे नेण्याचा विचार असेल तर तो सोडा. लिंबाची गोळी, आलेपाक, खारे दाणे चालतील.

कपडे सुती, सैल आणि शक्यतो पायापर्यंत. साडी नेसणाऱ्यांनी या एका दिवशी सलवार-कमीज घालावी. उंच गाडीत चढ-उतार आणि उंटावर बसणं दोन्ही सोपं जातं. ओढणी किंवा मोठा स्कार्फ प्रत्येकाकडे हवा, पुरुषांकडेसुद्धा. वाटेत गाडी थांबते तिथे डोक्याला बांधायचा अरबी रुमाल चढ्या भावाने विकायला असतो. हवा असेल तर हौसेने घ्या, गरज म्हणून घ्यावा लागू नये. पायात पट्ट्याच्या सॅंडल्स सगळ्यात बऱ्या, कारण बूट भरले की झटकत बसावं लागतं. वाळू उन्हात भाजते आणि अंधारात पायाखालचं दिसत नाही, त्यामुळे अनवाणी फिरायचा मोह सूर्यास्ताच्या आसपासपुरताच ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा शहरातच 14-15 अंशांपर्यंत येतो, उघड्या वाळवंटात त्याहून खाली. स्वेटर दुपारच्या उन्हात हास्यास्पद वाटेल, तरी घ्या. मुलांचा आणि आजी-आजोबांचा तर आठवणीने. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या संध्याकाळी चष्मा लावावा.

बॅग एकच, खांद्याला आडवी लावता येईल अशी, चेन पूर्ण बंद होणारी. तिच्यात पाण्याची बाटली, सनस्क्रीन, ओठांचं मलम, ओले टिश्यू, दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या (कुणाला उलटी झालीच तर), पॉवर बँक, पासपोर्टची झेरॉक्स. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. फोन झिपच्या पारदर्शक पिशवीत ठेवला तर चार्जिंगच्या भोकात वाळू जात नाही. मोठा कॅमेरा असेल तर लेन्स हॉटेलवरच लावून निघा, वाऱ्यात बदलू नका. पैसे 10, 20 आणि 50 दिरहमच्या सुट्ट्या नोटांत हवेत. क्वाड बाइक, ससाण्यासोबतचा फोटो, चालकाची बक्षिसी, सगळीकडे रोख लागते आणि सुट्टे तुमच्याकडेच असावे लागतात. सोन्याचे दागिने तिजोरीत ठेवा. वाळूत पडलेली कुडी सापडत नाही.

वाळूत शिरण्याआधी गाडी थांबते आणि चालक टायरमधली हवा कमी करतो, नेहमीच्या जवळपास निम्म्यावर आणतो. हवा कमी झाली की टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. ही पंधरा-वीस मिनिटं फार कामाची आहेत, ती रुमाल बघण्यात घालवू नका. बाथरूमला जाऊन या, कारण पुढचं बाथरूम थेट कॅम्पवर. जागा बदलायच्या तर इथेच. सगळ्यात मागची रांग मागच्या चाकांवर येते, तिथे हिसके सर्वांत जास्त, म्हणून तिथे तरुण मुलांना पाठवा; गाडी लागणाऱ्याला चालकाशेजारी बसवा आणि नजर लांब क्षितिजावर ठेवायला सांगा, फोनवर नाही. आणि चालकाशी बोला. बऱ्याच चालकांना हिंदी-उर्दू उत्तम कळतं. ‘भाई, आराम से चलाना, अम्मी की कमर में दर्द है’ एवढं वाक्य पुरतं. जोरात चालवलेलं गिऱ्हाइकाला आवडतं असं त्यांना वाटत असतं, कारण बहुतेक जण तेच मागतात. मध्येच त्रास झाला तर लगेच सांगायचं, घरच्यांनी हसण्यावारी न्यायचं नाही. सीटबेल्ट सगळ्यांचा, शेवटपर्यंत. क्वाड बाइक घेणार असाल तर हेल्मेटशिवाय बसू नका, आणि तुमच्या प्रवास विम्यात असे साहसी खेळ धरलेत का ते निघायच्या आधीच वाचून ठेवा.

टेकड्यांच्या मध्ये एखादं एकटं, काटक झाड दिसलं तर ते घाफ असण्याची शक्यता मोठी. युएईचं हे राष्ट्रीय झाड म्हणजे आपली शमी, पांडवांनी शस्त्रं ठेवली तीच. मुलांना दाखवा.

कॅम्पवर उंटाची फेरी असते, ती छोटीशी. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसलेला माणूस पुढे झुकतो. बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही तसंच. दोन्ही वेळा अंग मागे टाका आणि खोगिराची मूठ घट्ट धरा. उंट थकलेला दिसला, त्याच्या अंगावर जखमा दिसल्या, तर बसू नका आणि का बसत नाही ते कॅम्पवाल्याला सांगा. फोटो काढताना भोवतीच्या अनोळखी लोकांचे, विशेषतः स्त्रियांचे, चेहरे येऊ देऊ नका. परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणं तिथे गुन्हा ठरू शकतो. ड्रोन हॉटेलवरही नको, त्याला रीतसर नोंदणी आणि परवानगी लागते.

जेवणात हुमूस (काबुली चण्यांची चटणी), मुतब्बल (भाजलेल्या वांग्याची चटणी), फत्तूश (कोशिंबीर), फलाफल (चण्यांचे वडे), कुबूस (अरबी रोटी), भात, डाळ असं मिळतं, त्यामुळे शाकाहारी उपाशी राहत नाहीत. मात्र मांस आणि भाज्या भाजायची शेगडी बहुधा एकच असते. कटाक्ष पाळणाऱ्यांनी आणि जैन मंडळींनी हे बुकिंगच्या वेळीच बोलावं. स्वागताला वेलची घातलेला गहवा (अरबी कॉफी) आणि खजूर देतात. कप उजव्या हाताने घ्यायचा. पुरे झाला की तो हलकेच हलवून परत द्यायचा, नाहीतर पुन्हा भरतात. मद्य मिळत असेल तरी 21 वर्षांखालच्यांना कायद्याने बंदी.

कार्यक्रम संपल्यावर लगेच उठू नका. जेवणानंतर काही कॅम्प थोडा वेळ दिवे मालवतात, तसं करतील का ते आधी विचारून ठेवा आणि मुलांना तारे बघायला बाहेरच्या कडेला, उजेडापासून दूर नेऊन बसवा. अंधारात चालताना टॉर्च लावा, झुडपांत हात घालू नका, गालिच्याबाहेर ठेवलेल्या चपला घालण्याआधी झटका.

गाडी सुटण्यापूर्वी सीटखाली हात घालून बघा, फोन आणि चष्मे तिथेच घसरलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरची कुठली सहल ठेवू नका. हॉटेलवर पोचल्यावर कपडे बाथटबमध्ये झटका, खोलीत नको, आणि कॅमेऱ्याची बॅग आधी ब्रशने साफ करून मगच उघडा.