कापूस वेचायला आलात? आधी आशाताईचं घर विचारा

मेळघाटातून किंवा मध्य प्रदेशातून कापूस वेचायला, संत्रा तोडायला लेकराबाळांसह आलात, तर ग्रामपंचायतीच्या आधी आशाताईचं, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेचं, घर विचारा. पंचायतीला बऱ्याचदा कुलूप असतं; आशाताई गावातच राहते आणि उपकेंद्रापासून अंगणवाडीपर्यंत सगळ्यांना ओळखते. घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर लगेच सांगा, लसीकरणाचं कार्ड दाखवा. राहिलेली लस इथंही मिळते.

रेशनचं मात्र पुष्कळांना ठाऊकच नसतं. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेमुळे गावाकडचं कार्ड इथल्या रास्त भाव दुकानातही चालतं. नवं काढायची गरज नाही, आधार जोडलेलं हवं. कार्डाचा नंबर सांगा, मशीनवर अंगठा द्या. थोडं धान्य इथं आणि उरलेलं गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी तिथं, असंही उचलता येतं. दुकानदार ‘बाहेरचं कार्ड चालत नाही’ म्हणाला, तर १४४४५ वर फोन लावा. त्याच्यासमोरच लावलेला बरा! मिळतं ते केंद्राचं धान्य. राज्याच्या वेगळ्या वस्तू मिळतीलच असं नाही.

शाळेचा दाखला मागाहून आणता येतो. तो नाही म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाला सरकारी शाळा परत पाठवू शकत नाही, २००९ चा शिक्षण हक्काचा कायदाच आहे तसा.

रात्रीबेरात्री रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन केलात तर गावाबरोबर तालुकाही सांगा. पिंपळगाव, खैरी नावाची गावं इकडे ढीगभर आहेत.