बागेत मधमाशी चावली? चुना शोधत बसू नका, आधी या चुका टाळा

देवपूजेसाठी तुळशीच्या मंजिऱ्या खुडताना, भोपळ्याच्या वेलात हात घालताना, शेवग्याखाली पडलेल्या फुलांवरून अनवाणी जाताना मधमाशी चावते. बोट ठणकायला लागतं आणि घरात धावपळ सुरू होते. कोणी चुन्याची डबी आणतं, कोणी कांदा कापतं, कोणी लोखंडाची किल्ली घासायला सांगतं. सगळे त्या लाल झालेल्या ठिपक्यावर वाकलेले असतात. ज्याला चावली तो माणूस कसा आहे, हे मात्र कोणी धडपणे बघत नाही.

बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही, कारण बहुतेक डंख आपोआप बरे होतात. पण ज्यांना मधमाशीच्या विषाची तीव्र अ‍ॅलर्जी असते, त्यांच्या बाबतीत घड्याळ फार भरभर चालतं. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंचा अभ्यास झाला आहे. निम्म्या लोकांच्या बाबतीत डंख बसल्यापासून श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंत जेमतेम 15 मिनिटं किंवा त्याहूनही कमी वेळ गेला होता. चुना लावून, फुंकर घालून, 'थोडं पडून राहा' म्हणेपर्यंत तेवढा वेळ जातो. पुढे लिहिलेल्या जवळपास सगळ्या चुका या वेळ चुकीच्या जागी घालवण्याच्या आहेत.

काटा 'बरोबर' काढण्याच्या नादात उशीर करणं

कामकरी मधमाशीच्या काट्याला उलटे दाते असतात. माणसाच्या कातडीत तो रुतला की निघत नाही. माशी उडून जाते, पण काट्यासोबत विषाची पिशवी आणि तिचे स्नायू मागेच राहतात. माशी गेल्यावरही ते स्नायू हलत राहतात आणि विष आत ढकलत राहतात. जवळजवळ सगळं विष पहिल्या वीसेक सेकंदांतच आत गेलेलं असतं.

आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की काटा चिमटीत धरू नका, पिशवी दाबली जाईल, कार्डाच्या कडेने खरवडून काढा. 1996 साली 'द लॅन्सेट'मध्ये या समजाची प्रत्यक्ष तपासणी करणारा अभ्यास छापून आला. चिमटीने काढा की खरवडून काढा, कातडीवर उठणाऱ्या गांधीच्या आकारात फरक पडला नाही. काही सेकंदांच्या उशिराने मात्र पडला. म्हणजे नखाने, बोटाने, खुरप्याच्या मुठीने, जसा जमेल तसा काटा त्याच क्षणी काढायचा. चिमटा आणायला घरात जाणं किंवा पाकिटातलं कार्ड शोधणं, हाच तोटा आहे.

याची दुसरी बाजूही आहे. गांधीलमाशीचा काटा कातडीत राहत नाही, आणि तीच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. नसलेला काटा शोधण्यासाठी गॅसवर सुई तापवून बोट कोरणारी मंडळी मी पाहिली आहेत. मधमाशीचा काटा डोळ्यांना दिसतो, काळा, बारीक, टोकाला पांढुरकी पिशवी लटकलेली. तसं काही दिसत नसेल तर कोरू नका.

काटा काढल्यावर त्याच जागी उभं राहणं हीसुद्धा चूकच. डंखासोबत एक इशाऱ्याचा वास हवेत पसरतो. माणसाला तो पिकलेल्या केळ्यासारखा लागतो. जवळपास पोळं असेल तर बाकीच्या माश्यांसाठी तो 'इथे या' असा निरोप असतो. म्हणून आधी तिथून दूर व्हा. जागा साबण-पाण्याने धुवा आणि अंगावरचे कपडेही धुतल्याशिवाय पुन्हा त्या वाफ्यात जाऊ नका.

चुना, किल्ली, माती, रॉकेल

चुन्यामागचा तर्क असा की मधमाशीचं विष आम्लधर्मी असतं, त्यामुळे अल्कधर्मी चुन्याने ते मारलं जाईल. विष आम्लधर्मी असतं हे खरं आहे. पण त्रास आम्लामुळे होत नाही, त्यातल्या प्रथिनांमुळे होतो. कोरड्या विषाच्या वजनात जवळपास निम्मा वाटा मेलिटिनचा असतो, आणि ते पेशींची आवरणं फोडतं. अ‍ॅलर्जीला मुख्यतः कारणीभूत ठरणारं फॉस्फोलायपेजही प्रथिनच आहे. हे सगळं कातडीच्या खाली गेलेलं असतं. वरून लावलेला चुना तिथवर पोचत नाही, वरची कातडी मात्र भाजतो. लहान मुलांची तर फारच लवकर.

ओली माती थंड लागते म्हणून बरं वाटतं, पण कुंडीतल्या शेणखताच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. रॉकेल आणि टूथपेस्टने फक्त आग वाढते. साप चावल्यासारखी दोरी आवळणं किंवा ब्लेडने चीर देणं तर सरळ घातक आहे.

घरी खरोखर उपयोगी पडतं ते अगदी साधं आहे. हाताला चावली असेल तर पहिल्याच मिनिटात अंगठी आणि बांगड्या काढा, पायाला असेल तर जोडवी आणि पैंजण. तासाभराने बोट सुजलं की अंगठी कापावी लागते. मग बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरा आणि हात उंच ठेवा. दुखण्याला पॅरासिटामॉल. खाजेला सेटिरिझिनसारखी गोळी, वरून कॅलामाइन. औषधांच्या दुकानातून विचारपूस न करता आणलेली तीव्र स्टिरॉइड मिसळलेली मलमं नकोत. ती आपल्याकडे घराघरांत पडून असतात आणि डंखापेक्षा जास्त नुकसान करतात.

दुसऱ्या दिवशी सूज वाढली म्हणून घाबरणारे पुष्कळ. बोटाला चावलेली माशी, आणि सूज मनगटाच्याही वर. ही मोठी स्थानिक प्रतिक्रिया असते. ती 24 ते 48 तासांत शिगेला पोचते आणि ओसरायला आठवडाभर लागू शकतो. जागा लाल आणि गरम असते, त्यामुळे पू होणार असं वाटतं आणि अँटिबायोटिक सुरू होतं. बहुतेकदा त्याची गरज नसते. दोन-तीन दिवसांनी कमी होण्याऐवजी दुखणं वाढायला लागलं, ताप आला, पू दिसला, तर मात्र संसर्गाची शंका घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

अंगावर पित्त उठलं म्हणून आमसूल लावणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

माशी चावली बोटाला, पण दहा मिनिटांत पोटावर, पाठीवर, मांड्यांवर लाल गांधी उठल्या आणि खाज सुटली. घरातली मोठी माणसं म्हणतात, पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा, घोंगडी पांघरून झोपवा. एरवीच्या पित्तावर लोक हे करतात. पण डंखानंतर, डंखाच्या जागेपासून दूर उठलेल्या गांधी सांगत असतात की प्रतिक्रिया आता सगळ्या शरीरात पसरली आहे. इथून ती थांबेल की पुढे जाईल, हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही.

पुढे गेली तर ओठ, जीभ किंवा डोळे सुजतात. आवाज घोगरा होतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, छातीत घरघर होते. पोटात कळा, उलटी, जुलाब हेही याच प्रतिक्रियेचं रूप असू शकतं, आणि 'घाबरल्यामुळे झालं असेल' म्हणून नेमकं तेच दुर्लक्षिलं जातं. चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी म्हणजे रक्तदाब पडतोय. काही जणांना गांधी उठतही नाहीत, माणूस थेट कोसळतो. त्यामुळे अंगावर काही दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

या अवस्थेला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात आणि तिच्यावर पहिलं औषध एकच आहे, अ‍ॅड्रेनालिन. मांडीच्या मधल्या भागात, बाहेरच्या बाजूला, स्नायूत दिलेलं इंजेक्शन. गरज पडली तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. सेटिरिझिन किंवा एव्हिल खाज कमी करतं, पण सुजलेला घसा उघडत नाही आणि पडलेला रक्तदाब वर आणत नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा परिणाम दिसायला तास लागतात. ही औषधं सोबत दिली तर हरकत नाही, पण ती देऊन अ‍ॅड्रेनालिनची वाट बघायला लावणं धोक्याचं आहे. दवाखान्यात पोचताच 'मधमाशी चावली आहे, श्वास लागतोय' हे पहिल्या वाक्यात सांगा. अ‍ॅड्रेनालिन द्यायचं का, असं स्पष्ट विचारायला संकोच नको.

मग जायचं कुठे? इथे शहरातलं मोठं रुग्णालय गाठण्याचा अट्टहास नडतो. गावाकडे तर फारच. अ‍ॅड्रेनालिन हे महागडं, दुर्मीळ औषध नाही. जिथे लसीकरण होतं तिथे अशा प्रतिक्रियेसाठी ते ठेवायचंच असतं. त्यामुळे वीस किलोमीटरवरच्या नावाजलेल्या डॉक्टरांपेक्षा दोन किलोमीटरवरचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उघडा असलेला कोणताही दवाखाना बरा. पहिलं इंजेक्शन तिथे घ्या, पुढचा प्रवास नंतर. 108 ला फोन करताना 'अ‍ॅलर्जी, श्वासाचा त्रास' हे शब्द वापरा.

तोवर माणसाला आडवं झोपवा आणि पाय उंच करा. दम लागत असेल तर टेकून बसू द्या. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा. पाणी, सरबत, चहा काही पाजू नका. आणि 'चल, गाडीपर्यंत चालत जाऊ' असं म्हणत त्याला उभं करू नका. रक्तदाब पडलेला असताना एकदम उभं केल्यावर काही क्षणांत हृदय थांबल्याच्या नोंदी आहेत. उचलून, झोपवून न्या. स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं आपल्याकडे सर्रास चालतं, दुसरं वाहन मिळत असेल तर ते टाळा.

बरं वाटलं की लगेच घरी परतायची घाई करू नका. लक्षणं ओसरून काही तासांनी, नवा डंख न बसता, पुन्हा उसळू शकतात. म्हणूनच डॉक्टर काही तास थांबवून ठेवतात. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर ते न विसरता सांगा. अशा रुग्णांवर अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम कमी होऊ शकतो आणि डॉक्टरांना वेगळी तयारी ठेवावी लागते.

'लहानपणी कितीदा चावली, काही झालं नाही'

हे वाक्य खरं असतं आणि तरीही आधाराचं नसतं. अ‍ॅलर्जी तयार होण्यासाठी शरीराची त्या विषाशी आधी गाठ पडलेली असावी लागते. म्हणजे आधीचे निरुपद्रवी डंख हीच कधी कधी तिची पूर्वतयारी असते. उलट, नुसती मोठी सूज आलेल्यांनी पुढच्या वेळी जिवावर बेतेल म्हणून बागकाम सोडण्याचं कारण नाही. त्यांच्यात तीव्र प्रतिक्रियेची शक्यता कमीच असते. ज्यांना एकदा सर्वांगाला प्रतिक्रिया येऊन गेली आहे त्यांनी मात्र अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांना भेटलंच पाहिजे.

तोंडात, डोळ्याला, किंवा एकाच वेळी पुष्कळ

उसाच्या रसाच्या पेल्यातून, सरबताच्या बाटलीतून माशी तोंडात जाते. घशाशी डंख बसला तर अ‍ॅलर्जी नसतानाही सूज श्वासाची वाट अडवू शकते. बर्फाचा खडा चघळत थेट रुग्णालयात जा. डोळ्याच्या बुबुळावर डंख बसला तर चोळू नका, मध-गुलाबपाणी घालू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

आग्या मोहोळ उठलं तर प्रकरणच वेगळं. आग्या माश्या उंच झाडावर, पाण्याच्या टाकीखाली, इमारतीच्या सज्जाला उघडं पोळं लावतात आणि चिडल्या की थव्याने लांबवर पाठलाग करतात. हात झटकत जागेवर नाचू नका, विहिरीत किंवा हौदात उडी मारू नका, त्या वर घोंघावत थांबतात. शर्ट किंवा ओढणी डोक्या-तोंडावर घेऊन सरळ धावा आणि घरात किंवा गाडीत शिरून दार लावा. तिथे पोचल्यावर मगच काटे काढा. पन्नासच्या आसपास किंवा जास्त डंख असतील तर अ‍ॅलर्जी नसली तरी रुग्णालयात दाखल व्हा. मुलांच्या बाबतीत त्याहून कमी डंखांनाही. इतकं विष स्नायू आणि रक्तपेशी फोडतं, त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. हे लगेच दिसत नाही. लघवी कमी होणं किंवा काळ्या चहासारखी होणं ही त्याची खूण आहे.

पोळं जाळणं

एक डंख बसला की संध्याकाळी रॉकेलचा बोळा पेटवणारे अजूनही आहेत. त्यात भाजतात माणसंच, आणि ज्यांनी तुमचे भोपळे आणि काकड्या धरायला मदत केली त्या माश्या मरतात. झाडाच्या ढोलीत सातेरी जातीच्या मधमाशीचं मोहोळ असेल आणि तुमचा वावर त्याच्या तोंडासमोरून नसेल तर ती क्वचितच वाटेला जाते. हलवायचंच असेल तर मधपाळाला बोलवा. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, आणि पेटीत वसाहत पकडून नेणारे प्रशिक्षित लोक आता बऱ्याच जिल्ह्यांत आहेत.

गांधीलमाशी मात्र रिकाम्या कुंडीत, कढीपत्त्याच्या दाट फांद्यांत, पत्र्याच्या आतल्या बाजूला गुपचूप घर करते. म्हणून छाटणीआधी झुडूप थोडा वेळ लांबून न्याहाळा. एकाच ठिकाणी माशी सारखी आत-बाहेर करताना दिसली तर त्या दिवशी कात्री दुसरीकडे चालवा. पायात बंद चपला-बूट, हातात जाड मोजे. अत्तर आणि सुगंधी तेल लावून फुलांच्या वाफ्यात जाऊ नका. ज्यांना पूर्वी सर्वांगाला प्रतिक्रिया आली आहे त्यांनी बागेत एकट्याने काम करू नये, फोन खिशात ठेवावा, आणि जवळचा कोणता दवाखाना रविवारी दुपारीही उघडा असतो याची चौकशी आजच करून ठेवावी.