मुंबई ते मोंबासा: मोटरसायकल समुद्रमार्गे पाठवताना

न्हावा शेव्याहून केनियातल्या मोंबासा बंदरात गाडी पाठवताना जहाजाचं भाडं बहुतेकदा आवाक्यातलं असतं. खिसा रिकामा होतो तो तिकडे गाडी सोडवताना. म्हणून फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटला, नुसतं जहाजभाडं विचारू नका. मोंबासातली हाताळणी, डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडण्याचा आदेश) आणि गोदामभाडं धरून दोन्ही टोकांचा लेखी दर मागा. तो द्यायला जो टाळाटाळ करेल त्याला गाडी देऊ नका.

पहिलं काम कार्नेटचं. परदेशात आयात शुल्क न भरता गाडी तात्पुरती नेता यावी यासाठीची ही हमीपुस्तिका मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळते. त्यासाठी बँक गॅरंटी द्यावी लागते. मुदत एक वर्षाची, आणि ती पुस्तिका दिल्याच्या तारखेपासून मोजतात. हौसेने चार महिने आधी काढून ठेवली तर ते महिने फुकट जातात. पुस्तिका हातात आली की तिथेच उभं राहून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत हमखास होते. कस्टम्सचा अधिकारी गाडी ओळखत नाही, नंबर ओळखतो. टॉपबॉक्स, साइड बॉक्स, जादा टायर यांचीही नोंद करून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी लागते, तिला वेळ लागतो.

आता क्रेट, म्हणजे गाडीची लाकडी पेटी. कंटेनरमधली जागा वाटून घेऊन (एलसीएल) माल पाठवताना भाडं घनमीटर किंवा टन, यांत जे जास्त भरेल त्यावर लागतं, आणि मोटरसायकलच्या बाबतीत नेहमी घनमीटरच जास्त भरतात. अख्खी गाडी २२० × ९० × १२० सेंमीच्या पेटीत ठेवली तर २.३८ घनमीटर होतात. पुढचं चाक, आरसे, विंडस्क्रीन काढून आणि हँडल सैल करून खाली वळवून तीच गाडी १८० × ७५ × ११५ मध्ये बसली तर १.५५. विमानाने पाठवायची असेल तर हा फरक आणखी बोचतो: घन सेंमीला ६००० ने भागून जे किलो येतात त्यावर पैसे लागतात, म्हणजे पहिली पेटी ३९६ किलोची आणि दुसरी २५९ किलोची धरली जाते.

चाक काढलं की डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सरकवा आणि ती टेपने बांधा. गोदामात कोणी सहज ब्रेकचा लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही. फोर्कचे पाय एक्सल घालून लाकडी ठोकळ्यावर पक्के करा. पट्टे ओढताना फोर्क पूर्ण दाबू नका, महिनाभर तसाच राहिला तर ऑइल सील जातात. टाकीतलं पेट्रोल काढून टाका, बॅटरीची आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह वायर सोडवा, टोकांना टेप लावा.

लाकूड उष्णताप्रक्रिया केलेलं आणि आयएसपीएम-१५ (पॅकिंगच्या लाकडातून कीड पसरू नये यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) चा शिक्का असलेलंच घ्या. शिक्का नसेल तर तिकडे पेटी अडकते. फळ्या खिळ्यांनी नव्हे, स्क्रूने बसवा आणि चेसिस नंबरासमोरची एक फळी सुटी निघेल अशी ठेवा, नाहीतर तपासणीवाले पहारीने पेटी उघडतात. बॉक्समध्ये कपडे, स्पेअर, काहीही ठेवलं तरी ते पॅकिंग लिस्टमध्ये लिहा.

निर्यातीचं शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचं निर्यातपत्र, सीएचए (कस्टम्सचं काम करणारा एजंट) भरतो. त्यावरही दोन्ही नंबर हवेत, कारण परत आणताना हीच गाडी गेली होती हे त्यावरूनच सिद्ध करायचं असतं. बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालपावतीवर) माल घेणाऱ्याचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं, आणि माल मिळण्याचं ठिकाण स्पष्टपणे मोंबासा. हे पाहिलं नाही तर कंटेनर रेल्वेने नैरोबीच्या आतल्या डेपोत जाऊ शकतो आणि तुम्ही मोंबासात बसून राहता.

तुमचं विमानाचं तिकीट जहाज बंदराला लागल्यावरच काढा. मोंबासात परवानाधारक क्लिअरिंग एजंट आधीच ठरवलेला असू द्या, कारण गोदामाचे मोफत दिवस थोडे असतात आणि पुढे मीटर चालू होतो. कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. प्रवेशाच्या वेळी खालचा भाग फाडून घेतात, देश सोडताना मधला, आणि वरचा भाग, म्हणजे अर्धुक, पुस्तिकेतच राहतो. त्या अर्धुकावर शिक्का, तारीख आणि सही, तिन्ही पाहिल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.

चूक सर्वात जास्त होते ती नामांगासारख्या एकखिडकी सीमाचौकीवर. केनियातून टांझानियात जाताना केनियाचा कस्टम्स कक्षही टांझानियाच्या बाजूच्या इमारतीत असतो. माणसं रांगेत पुढे सरकत टांझानियाचा प्रवेश शिक्का घेतात आणि केनियाचा निर्गमन शिक्का राहून जातो. मग कागदोपत्री गाडी केनियातच राहते, आणि काही महिन्यांनी केनियाच्या आयात शुल्काची मागणी मुंबईत येते. गाडी भारतात परत आल्यावर कस्टम्सची नोंद करून पुस्तिका असोसिएशनकडे जमा करा. सगळी अर्धुकं पूर्ण असल्याशिवाय बँक गॅरंटी सुटत नाही.