दुसऱ्याची साईट न पाडता प्लगइन सांभाळावं कसं

सकाळी साडेसहाला फोन वाजला. फोंड्याजवळच्या एका देवस्थानचे चिटणीस. नमस्कार नाही, काही नाही. "सायट उगडना मरे, आनी आयज जात्रा!"

आदल्या रात्री साडेअकराला मी आमच्या प्लगइनची २.० आवृत्ती चढवली होती. जत्रा, पालखी, उत्सवी नाटकं यांची यादी देवनागरी तारखांसकट दाखवणारं हे छोटंसं वर्डप्रेस प्लगइन, म्हणजे वर्डप्रेस या साईट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला लावायचा जोड. नव्या आवृत्तीत मी मोठ्या हौसेने 'मॅच' ही नवी रचना वापरली होती, आणि ती पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) ८.० पासून पुढेच चालते. देवस्थानचा सर्व्हर ७.४ वर. स्वयंचलित अपडेट चालू. पहाटे कधीतरी अपडेट झालं आणि साईटच्या जागी गंभीर बिघाड झाल्याची एक ओळ उरली. अशा वेळी वर्डप्रेस ॲडमिनला सुटकेची लिंक मेल करतं. ती मेल गेली होती दोन समित्यांआधीच्या खजिनदारांच्या पत्त्यावर.

प्लगइनच्या मुख्य फाइलीत वरच, 'किमान पीएचपी' सांगणाऱ्या ओळीत मी ७.४च्या जागी ८.० लिहिलं असतं, तर वर्डप्रेसने ते अपडेट त्या सर्व्हरवर चढूच दिलं नसतं. २०१९ साली आलेल्या वर्डप्रेसच्या ५.२ आवृत्तीपासून ही सोय आहे. एक आकडा बदलायचा राहिला, एवढंच.

तुम्हीही असं एखादं प्लगइन लिहून वर्डप्रेसच्या प्लगइन डिरेक्टरीत टाकलं असेल आणि चार लोक ते वापरू लागले असतील, तर पुढचं तुमच्यासाठी. उदाहरणं वर्डप्रेसची आहेत, कारण माझा हात तिथेच बसलाय. ड्रुपल किंवा जूमलावाल्यांनी नावं बदलून वाचावं.

पहिली पायरी: तुमच्या घरात काय काय आहे ते लिहून काढा

एक साधी फाइल उघडा. प्लगइन कुठल्या पीएचपीवर, कुठल्या वर्डप्रेसवर चालतं, त्यात दुसऱ्यांच्या कुठल्या लायब्ररी (तयार कोडचे संच) घातल्या आहेत आणि त्यांचा परवाना काय, हे सगळं त्यात उतरवा. वर्डप्रेस स्वतः जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, आणि डिरेक्टरीत राहायचं तर तुमच्या प्लगइनमधलं सगळं जीपीएलशी जुळणारं हवं. नेटवरून उचललेला एखादा सुंदर कॅलेंडरचा तुकडा 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असेल, तर तो आजच काढा.

दुसऱ्याची लायब्ररी आत घालताना आणखी एक फास असतो. तुमच्या प्लगइनमध्ये तारखांची लायब्ररी आवृत्ती २, शेजारच्या प्लगइनमध्ये तीच लायब्ररी आवृत्ती ३. जी आधी लोड होते ती जिंकते आणि दुसरं प्लगइन कोसळतं. शिव्या मात्र दोघांनाही. उपाय असा की आत घातलेल्या लायब्ररीच्या नेमस्पेसला, म्हणजे तिच्या कोडमधल्या नावांच्या गटाला, आपला उपसर्ग लावून घ्यायचा. पीएचपी-स्कोपर किंवा स्ट्रॉस ही साधनं ते काम करून देतात. लायब्ररी लहान असेल तर मी सरळ ती काढून टाकतो आणि लागतं तेवढं फंक्शन स्वतः लिहितो. परावलंबन जितकं कमी, तितकी झोप चांगली लागते.

दुसरी पायरी: तक्रार नीट घ्यायला शिका

गोव्यात तक्रार बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर येते, तीही मोबाइलच्या स्क्रीनचा तिरका फोटो आणि 'बघ हें कितें' एवढ्याच मजकुरासह. रागावू नका. पण कामाला लागण्याआधी चार गोष्टी मागून घ्या: प्लगइनची आवृत्ती, वर्डप्रेसच्या 'साईट हेल्थ' पानावरची माहिती कॉपी करून, काय केल्यावर बिघडलं आणि काय दिसायला हवं होतं. मग ती तक्रार तुमच्या कोडच्या रेपॉझिटरीत स्वतः नोंदवा. व्हॉट्सॲपवर राहिलेली तक्रार चवथीच्या शुभेच्छांखाली गाडली जाते.

आता एक तक्रार जवळून दाखवतो. 'वर्गणीच्या पानावर क्लिक केलं की वेळापत्रक उघडतं.' पाहिल्यावर वाटलं, लिंक चुकीची टाकली असेल. तसं नव्हतं.

वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकातून पत्त्याचा तुकडा बनवतं, त्याला स्लग म्हणतात. डेटाबेसात त्याला जागा २०० अक्षरांची. इंग्रजीला ती भरपूर. पण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात जाताना टक्क्याच्या खुणा आणि आकडे मिळून ९ अक्षरांचं होतं, आणि इथे काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. नुसत्या 'शांतादुर्गा' या शब्दात ११ चिन्हं, म्हणजे ९९ अक्षरं. अर्धी जागा देवीच्या नावातच गेली.

'श्री शांतादुर्गा पालखी वेळापत्रक' या शीर्षकाचा स्लग बनताना 'श्री', 'शांतादुर्गा', 'पालखी' मिळून २० चिन्हं म्हणजे १८०, मधल्या तीन जागा धरून १८३. पुढचा 'व' बसतो, १९२ होतात. त्यावरची मात्रा बसत नाही, कारण २०१ होतील. म्हणून स्लग 'व' वर तुटतो. 'श्री शांतादुर्गा पालखी वर्गणी' हेही नेमकं तिथेच तुटतं. दोन्ही स्लग सारखे झाले की वर्डप्रेस दुसऱ्याच्या शेपटीला '-२' लावतं. माझं प्लगइन मात्र शीर्षकावरून स्लग बनवून पान शोधत होतं. त्याला नेहमी पहिलंच पान सापडायचं.

दुरुस्ती दोन ओळींची: पान स्लगवरून नाही, त्याच्या आयडी क्रमांकावरून शोधायचं. पण त्या दोन ओळी लिहिण्याआधी मी ही दोन शीर्षकं जशीच्या तशी घालून एक चाचणी लिहिली. ती नापास झालेली पाहिली. मग दुरुस्ती केली. मग पास. हा क्रम मोडू नका. आधी दुरुस्ती आणि मग चाचणी लिहिली, तर ती चाचणी खरंच काही पकडते की नाही हे कधीच कळत नाही.

देवनागरीचं निघालंच आहे म्हणून सांगतो. पीएचपीची जुनी, साधी फंक्शन्स बाइट मोजतात, आणि देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं. शीर्षक कापून '…' लावायचं असेल तर त्यांनी कापू नका, अर्धवट चौकोन दिसतील. मल्टिबाइट फंक्शन्स वापरली तरी जोडाक्षर मधून तुटू शकतं. पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधली, अख्खं अक्षर एकक धरणारी ग्राफीम फंक्शन्स या कामाला सगळ्यांत बरी, पण स्वस्त होस्टिंगवर ते एक्स्टेन्शन असेलच असं नाही. म्हणून आधी ते आहे का तपासा, नसेल तर शब्दाच्या सीमेवर कापा.

तिसरी पायरी: आवृत्तीचा आकडा खरा ठेवा

तीन आकड्यांची पद्धत पाळा. नुसती दुरुस्ती असेल तर शेवटचा आकडा वाढवा, काही नवं पण जुन्याला धक्का न लावणारं असेल तर मधला, आणि कुणाचं काही मोडणार असेल तर पहिला. पहिला आकडा वर्षातून एकदाही वाढवावा लागू नये असा प्रयत्न करा.

दुसऱ्या डेव्हलपरांनी धरलेले हुक आणि फिल्टर (प्लगइनला बाहेरून कोड जोडायच्या जागा) यांची नावं बदलायची हौस आवरा. बदलायचंच असेल तर जुनं नाव चालू ठेवून सूचना द्या. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे. मी असं जुनं नाव किमान एक वर्ष जिवंत ठेवतो. मडगावच्या कुणीतरी दोन वर्षांपूर्वी थीममध्ये लिहिलेली ओळ कुणाला आठवणार आहे?

चौथी पायरी: चढवणं

डिरेक्टरीत कोड सबव्हर्जन या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातून जातो. ट्रंकमध्ये चालू काम, टॅग्जमध्ये प्रत्येक आवृत्तीची प्रत आणि रीडमी फाइलीत 'स्टेबल टॅग'. लोकांना तो टॅग जे दाखवेल ते मिळतं. माझा क्रम आता असा आहे: सगळ्या पीएचपी आवृत्त्यांवर चाचण्या (गिटहब ॲक्शन्स ते आपोआप करतं), मग 'प्लगइन चेक' चालवणं, मग पणजीतल्या एका स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर ठेवलेल्या माझ्या रिकाम्या साईटवर जुन्या आवृत्तीवरून नवीवर जाऊन पाहणं. शेवटचा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा. कोरी इन्स्टॉलेशन नेहमी चालते. मोडतं ते जुन्यावरून नव्यावर जाताना.

वेळही बघा. शुक्रवारी संध्याकाळी नाही. चवथीच्या आठवड्यात नाही. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की मी फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या चढवतो. आणि जून-जुलैत आभाळ भरून आलेलं असताना तर मुळीच नाही, अर्धा कोड गेला आणि वीज गेली असं माझ्या बाबतीत झालेलं आहे.

काही बिघडलंच तर स्टेबल टॅग मागे नेऊन उपयोग नाही. ज्या साईटवर २.० पोचलं ती आपणहून १.९ वर परत येत नाही. जुना, चालणारा कोड घ्या, त्याला २.०.१ नाव द्या आणि तो चढवा. त्या सकाळी मी हेच केलं, पण त्या देवस्थानच्या बंद पडलेल्या साईटसाठी एफटीपीने आत शिरून प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलावं लागलं. पालखी निघेपर्यंत साईट उघडली. (वर्डप्रेस ६.६ पासून स्वयंचलित अपडेटनंतर साईट कोसळली तर जुनी आवृत्ती परत बसते. पण सगळे ६.६ वर आहेत असं धरून चालू नका.)

वर्डप्रेसची नवी मोठी आवृत्ती आली की तिच्यावर प्लगइन चालवून बघा आणि रीडमीतला 'कुठवर तपासलं' हा आकडा वाढवा. त्यासाठी नवी आवृत्ती काढावी लागत नाही. हे तीन मोठ्या आवृत्त्या राहून गेलं की डिरेक्टरी तुमच्या पानावर 'हे कदाचित सांभाळलं जात नाही' अशी पाटी लावते, आणि लोक ती पाहून पळतात.

पाचवी पायरी: नाही म्हणा

सगळ्यांत जास्त मागणी आली ती 'तिथीवरून तारीख आपोआप काढा' याची. गणित करता येईल. पण सूर्योदय कुठला धरायचा, क्षयतिथीला काय करायचं, कुठलं पंचांग मानायचं, यावर दोन गावांचंही एकमत नसतं. उद्या प्लगइनने जत्रा एक दिवस आधी दाखवली तर काय? मी लिहून कळवलं: तिथी भटजी ठरवतील, प्लगइन दिलेली तारीख दाखवेल. लोक नाराज झाले. पण कारण एकदा नीट लिहून ठेवलं की पुढच्या वेळी लिंक देता येते.

उलट एक मागणी मी लगेच मानली. वारांची नावं मी कोडमध्येच मराठीत ठोकली होती. एकाने विचारलं, कोकणी साईटवर 'बिरेस्तार' आणि 'आयतार' कसं दाखवू? लाज वाटली. गोव्यात बसून लिहिलेल्या प्लगइनमध्ये हे आधी सुचायला हवं होतं. वाचकाला दिसणारा प्रत्येक शब्द भाषांतराच्या फंक्शनमधून जाऊ द्या आणि वाक्य तुकड्यांनी जोडू नका. इंग्रजीत एकच 'डिलिटेड' चालतं. आपल्याकडे कार्यक्रम हटवला, पालखी हटवली, नाटक हटवलं. पूर्ण वाक्य दिलं तरच भाषांतरकाराला लिंग सांभाळता येतं.

सहावी पायरी: सुरक्षेची तक्रार वेगळ्या दाराने

रीडमीत एक ईमेल द्या आणि लिहा की सुरक्षेतलं भोक सापडलं तर उघड्यावर न लिहिता इथे कळवा. मेल आली की त्याच दिवशी पोच द्या. दुरुस्ती चढवा, मग तपशील सांगा. दुर्लक्ष केलं आणि तक्रार डिरेक्टरीच्या टीमकडे गेली, तर ते प्लगइन बंद करू शकतात.

पासवर्ड दुसरीकडे वापरलेला नको. २०२४च्या जूनमध्ये काही प्लगइन लेखकांची खाती इतरत्र फुटलेल्या पासवर्डनी उघडली गेली आणि त्यांच्या नावाने घातक कोड लोकांच्या साईटवर पोचला. त्याच ऑक्टोबरपासून लेखकांना दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं झालं.

सातवी: दुसरी चावी

एकटे असाल तर आजच कुणालातरी शोधा. पण येईल त्याला चावी देऊ नका. २०१८ साली 'इव्हेंट-स्ट्रीम' या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या थकलेल्या लेखकाने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला सगळं सोपवलं, आणि त्यातून बिटकॉइन चोरणारा कोड आत आला. आधी त्या माणसाकडून सहा महिने छोट्या दुरुस्त्या घ्या, त्या तपासा, मग अधिकार द्या. कुणीच मिळत नसेल तर डिरेक्टरीत 'ॲडॉप्ट-मी' टॅग लावायची सोय आहे. तो लावणं कमीपणाचं नाही.

मी फर्मागुडीला इंजिनियरिंग करणाऱ्या एका मुलीला तयार केलं. तिच्यासाठी एक फाइल लिहिली: आवृत्ती कशी काढायची, कुठल्या साईटवर तपासायचं, कुणाचे फोन केव्हा येतात. तिने पहिल्याच आठवड्यात त्यात तीन चुका काढल्या. त्यातली एक अशी की सबव्हर्जनचा पासवर्ड कुठे ठेवलाय, ते मी कुठेच लिहिलं नव्हतं.