पती-पत्नींनी करसवलतींची वाटणी कशी करावी

जानेवारी उजाडला की कार्यालयांतून गुंतवणुकीचे पुरावे मागणारे ई-मेल येऊ लागतात आणि जिथे दोघेही नोकरी करतात त्या घरांत एकच जाडजूड फाईल टेबलावर उघडली जाते. विम्याच्या पावत्या, शाळेच्या फीच्या पावत्या, भाड्याचा करारनामा, गृहकर्जाच्या व्याजाचे प्रमाणपत्र असा तो गठ्ठा असतो आणि त्याचे सरळ दोन भाग केले जातात, निम्मे तुझे आणि निम्मे माझे. संसारात ही वाटणी न्यायाची असेल, पण आयकरात ती बहुधा तोट्याची ठरते. ज्याच्यावर कर बसणारच नाही त्याच्या नावावर वजावट टाकणे म्हणजे ती वाया घालवणे होय.

भारतात पती-पत्नींना मिळून एक विवरणपत्र भरता येत नाही. अमेरिकेतील नातेवाईक एकत्र विवरणपत्र भरत असल्याचे सांगतात, ते तिथे खरे आहे. आपल्याकडे मात्र प्रत्येकाचा पॅन वेगळा, उत्पन्न वेगळे आणि करही वेगळा. म्हणून वजावट कोणाच्या नावावर घ्यायची एवढाच निर्णय आपल्या हातात उरतो आणि तोही सगळ्याच वजावटींबाबत उरत नाही. खालील आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा, २०२५ लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. येथे मात्र लोकांच्या तोंडी बसलेले १९६१ च्या कायद्यातील क्रमांकच वापरले आहेत.

पहिली पायरी : दोघांची करप्रणाली वेगवेगळी ठरवा

नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असल्यास ती निवडावी लागते. ही निवड प्रत्येकाने स्वतंत्रपणे करायची असते, म्हणजे एकाच घरात पती जुन्या प्रणालीत आणि पत्नी नव्या प्रणालीत असू शकते. नव्या प्रणालीत ८०सी (आयुर्विमा, भविष्य निर्वाह निधी, शाळेची फी आदींची वजावट), ८०डी (आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावट), घरभाडे भत्त्याची सूट आणि राहत्या घराच्या कर्जावरील व्याज यांपैकी काहीच मिळत नाही; परंतु करपात्र उत्पन्न १२ लाख रुपयांपर्यंत असेल तर कलम ८७ए खालील सवलतीमुळे कर शून्य होतो आणि पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट असल्याने त्यांच्यासाठी ही रेषा १२,७५,००० रुपयांवर जाते. शेअर वा म्युच्युअल फंडांच्या भांडवली नफ्यावरील विशेष दराच्या कराला मात्र ही सवलत लागू होत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

त्यामुळे आधी दोघांचे वार्षिक पगार कागदावर मांडावेत आणि ज्याचा पगार या रेषेच्या आत आहे त्याला नव्या प्रणालीत ठेवावे. फाईलमधील पावत्यांचा विचार त्यानंतर करावा, आणि तोही दुसऱ्या जोडीदाराच्याच संदर्भात.

एक उदाहरण सविस्तर पाहू. पुण्यात भाड्याने राहणारे जोडपे आहे. पतीचा वार्षिक पगार १८ लाख, त्यात मूळ वेतन ९ लाख. पत्नीचा पगार साडेअकरा लाख, त्यात मूळ वेतन साडेपाच लाख. घरभाडे महिना ३०,००० रुपये. नाशिकला पतीच्या नावावर फ्लॅट आहे, त्यात त्याचे आईवडील राहतात आणि त्या कर्जाचे वर्षाचे व्याज २ लाख आहे. भविष्य निर्वाह निधी वगैरे मिळून दोघांचीही ८०सी ची दीड लाखाची मर्यादा आपोआप भरते. शिवाय पतीच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात ५०,००० रुपये, कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा हप्ता २५,००० रुपये आणि ज्येष्ठ आईवडिलांच्या विम्याचा ५०,००० रुपये.

दोघांनी जुनी प्रणाली घेऊन भाडे निम्मे-निम्मे दाखवले, कुटुंबाच्या विम्याचा हप्ता पत्नीकडे आणि आईवडिलांचा पतीकडे ठेवला, तर पतीचे करपात्र उत्पन्न १२,१०,००० रुपये आणि उपकरासह कर १,८२,५२० रुपये होतो. पत्नीचे उत्पन्न ८ लाख आणि कर ७५,४०० रुपये. घरातून २,५७,९२० रुपये जातात. आता पत्नीला नव्या प्रणालीत ठेवू. तिचा कर शून्य. संपूर्ण भाडे आणि विम्याचे दोन्ही हप्ते पतीच्या खात्यातून गेले आणि तो जुन्या प्रणालीत राहिला, तर त्याचे करपात्र उत्पन्न १०,०५,००० रुपयांवर येते आणि कर १,१८,५६० रुपये होतो. दोघेही नव्या प्रणालीत गेले असते तर पतीला १,५०,८०० रुपये भरावे लागले असते. उत्पन्न तेच, खर्चही तेच. बदलले ते फक्त पैसे कोणाच्या खात्यातून गेले आणि कोणी कोणती प्रणाली घेतली एवढेच.

या उदाहरणात भाड्याचा वाटा मोठा आहे, आणि त्यामागचे गणित सहसा कोणी सांगत नाही. घरभाडे भत्त्याची सूट काढताना तीन रकमांपैकी सर्वांत कमी रक्कम धरली जाते आणि त्यांतील एक म्हणजे भरलेल्या भाड्यातून मूळ वेतनाचा (महागाई भत्ता असल्यास त्यासह) दहावा हिस्सा वजा करून उरणारी रक्कम. भाडे दोघांत वाटले की हा दहावा हिस्सा दोनदा वजा होतो. एकट्या पतीने ३,६०,००० रुपये भाडे दाखवल्यास ९०,००० वजा जाऊन २,७०,००० उरतात. निम्मे केल्यास पतीचे ९०,००० आणि पत्नीचे १,२५,००० मिळून २,१५,००० रुपयेच उरतात. अर्थात भाडे ज्याच्या नावे दाखवायचे त्याच्याच खात्यातून ते प्रत्यक्ष जायला हवे, करारनामाही त्याच्या नावाचा असावा आणि वर्षाचे भाडे १ लाखापेक्षा अधिक असल्याने घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. पत्नीच्या नावावरील घरात तिच्याबरोबरच राहून तिला भाडे दिल्याचे दाखवण्याचा सल्लाही कुठे कुठे मिळतो; तो मानणे म्हणजे नोटिशीला घरी बोलावणे आहे.

दुसरी पायरी : कोणती वजावट हलवता येते ते पाहा

जुन्या प्रणालीतील जोडीदाराच्या नावावर काय काय आणता येईल? आयुर्विम्याचा हप्ता पती किंवा पत्नी आणि मुले यांच्या पॉलिसीसाठी भरला तरी भरणाऱ्याला ८०सी मध्ये मिळतो. पीपीएफचेही (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) तसेच आहे. पत्नीच्या खात्यात पतीने रक्कम भरली तर वजावट पतीला मिळू शकते. मुलांच्या शाळेच्या फीपैकी केवळ शिक्षण शुल्क, तेही दोन मुलांपर्यंत, चालते. बसभाडे आणि देणगी चालत नाही, म्हणून पावतीवरील एकूण रक्कम डोळे मिटून लिहू नये. एकच पावती दोघांनी आपापल्या कार्यालयात देणे ही तर नेहमीची चूक आहे. फीची रक्कम दोघांत विभागता येते, पण प्रत्येकाला आपण भरलेल्या भागापुरतीच वजावट मिळते.

आरोग्य विम्यात एक अडसर आहे. ८०डी मध्ये स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले यांच्यासाठी २५,००० आणि आईवडिलांसाठी आणखी २५,००० रुपये (ते ज्येष्ठ नागरिक असल्यास ५०,०००) मिळतात. पण सासू-सासरे यात येत नाहीत. सुनेने सासूबाईंच्या पॉलिसीचा हप्ता भरला तर तिला वजावट नाही, जावयालाही नाही. ज्याचे आईवडील त्याने हप्ता भरावा, आणि तो रोखीने भरू नये, कारण रोखीने भरलेला हप्ता धरला जात नाही.

तिसरी पायरी : घराचा निर्णय नोंदणीआधीच घ्या

गृहकर्जाची वाटणी दरवर्षी मनाप्रमाणे बदलता येत नाही. राहत्या घरासाठी कलम २४ खाली प्रत्येकी २ लाखांपर्यंत व्याजाची वजावट मिळते, पण त्यासाठी ती व्यक्ती घराची सहमालकही हवी आणि सहकर्जदारही हवी. कर्जाच्या कागदावर सही आहे पण इंडेक्स टू वर, म्हणजे मालकाचे नाव असलेल्या नोंदणीच्या उताऱ्यावर, नाव नाही, अशा जोडीदाराला काही मिळत नाही. व्याज मोठे असेल आणि दोघेही जुन्या प्रणालीत राहणार असतील तर दोघांची नावे घालणे फायद्याचे आहे. त्यांच्यापैकी एक जण कायम नव्या प्रणालीत राहणार असेल तर त्याच्या हिश्श्याचे व्याज वाया जाते.

महाराष्ट्रात यात आणखी एक मोह आहे. निवासी घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, परंतु संयुक्त नावात पुरुष असेल तर ती मिळत नाही. ८० लाखांच्या घरावर ही रक्कम ८०,००० रुपये होते, आणि तीही एकदाच; उलट कर्जाचे हप्ते पती भरणार असेल तर त्याची व्याजाची वजावट पुढे कित्येक वर्षे बुडते. हा हिशोब नोंदणी कार्यालयात रांगेत उभे राहून करण्याचा नाही.

चौथी पायरी : पैसे जोडीदाराच्या नावावर ठेवताना थांबा

पतीने १० लाखांची मुदत ठेव पत्नीच्या नावावर केली तर ती भेट करमुक्त असते, मात्र त्या ठेवीचे व्याज कलम ६४ नुसार पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. बँक ते पत्नीच्या पॅनवर दाखवते म्हणून अनेकांना वाटते की विषय संपला. तो संपत नाही. पतीने ते आपल्या विवरणपत्रात दाखवायचे असते. त्या व्याजाची पुन्हा गुंतवणूक करून मिळणारे उत्पन्न मात्र पत्नीचेच मानले जाते, आणि तिच्या पीपीएफमध्ये भरलेल्या रकमेबाबत ही अडचण जाणवत नाही, कारण तिथले व्याजच करमुक्त आहे.

याहून साधा आणि निर्धोक मार्ग म्हणजे अधिक पगाराच्या जोडीदाराने घरखर्च चालवावा आणि कमी पगाराच्या जोडीदाराने आपला पगार गुंतवावा. मग व्याज, लाभांश, नफा सगळे खऱ्या अर्थाने त्याचे. शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावरील १,२५,००० रुपयांची वार्षिक सूटही अशाने दोघांना वेगवेगळी मिळते.

गोव्याची गोष्ट निराळी

पोर्तुगीज नागरी संहितेनुसार ज्या दांपत्यांना मालमत्तेची समाईक मालकी लागू होते, त्यांच्यासाठी आयकर कायद्यात कलम ५ए आहे. त्यांचे पगाराखेरीजचे सर्व उत्पन्न, म्हणजे घरभाडे, धंदा, भांडवली नफा, व्याज, दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते. पगार मात्र ज्याचा त्याचा. इथे निम्म्याची वाटणी कायद्यानेच करून दिली आहे. पेडण्यातील दुकानदाराचे निव्वळ उत्पन्न १६ लाख आणि पत्नीचे स्वतःचे काहीच नसेल, तर दोघांच्या नावावर ८-८ लाख येऊन नव्या प्रणालीत दोघांचाही कर शून्य होतो. काही किलोमीटरवरच्या, पण महाराष्ट्रातल्या बांद्यातील तेवढ्याच कमाईच्या दुकानदाराला १,२४,८०० रुपये भरावे लागतात. गोव्यात फ्लॅट घेतला किंवा बदली होऊन पणजीला राहायला गेले म्हणून हा लाभ मिळत नाही. तो ज्यांना लागू आहे त्या दोघांनीही विवरणपत्रातील ५ए च्या तक्त्यात एकमेकांचा पॅन आणि विभागणी भरायची असते.

शेवटी मुदतीचे पाहा. पगारदाराला दरवर्षी प्रणाली बदलता येते, धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याला मात्र नव्या प्रणालीतून बाहेर पडल्यावर परत येण्याची संधी एकदाच मिळते. जुनी प्रणाली घ्यायची असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते. उशिरा भरलेल्या विवरणपत्रात नवीच प्रणाली लागू होते, मग फाईलमध्ये कितीही पावत्या असोत. आणि कोणत्या खात्यातून काय भरायचे हे एप्रिलमध्येच ठरवून बँकेतील सूचना बदलून घ्याव्यात, कारण जानेवारीत पावत्यांवरील नाव बदलता येत नाही.